रुद्राणी चौकात उभी आहे

लातूर,
ऑगस्ट २००८

उस्ताद खाजाभाई यांना लातूरहून वीरभद्रचा सलाम.

सालेहा भाभींना नमस्कार सांगा. अर्शी माहेरी आली असेल तर तिला आशीर्वाद (ती आता लेकुरवाळी झाली हे मला माहीत आहे, पण माझ्या डोळ्यांपुढे ती अजून तुमच्या दुकानात पिवळ्या रंगाच्या डब्यात कोपरापर्यंत हात बुडवून उभी असते). तुमची साखर आटोक्यात आहे का? आणि हाताचा कंप? भाभींनी मागे फोनवर सांगितलं की तुम्ही चहाची बशी आता दोन्ही हातांनी धरता, आणि सकाळपासून जावयाच्या मोबाइलच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना कव्हरं दाखवता. ऐकून मला बरं वाटलं नाही. नांदेडच्या इतवाऱ्यातल्या निम्म्या दुकानांची नावं ज्या हातानं लिहिली त्या हातानं कव्हरं दाखवायची हे काही पटत नाही, पण जावई भला माणूस आहे म्हणून गप्प बसतो. माझं म्हणाल तर पाठ दुखते, चष्म्याचा नंबर वाढला, बाकी ठीक. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही नुसतं ‘हां, हां, बोल’ म्हणता आणि मला बोलायचंच सुचत नाही. तसं काम काहीच नाही. सहज लिहावंसं वाटलं, एवढंच.

दुकान चालू आहे, म्हणजे चालवावं लागतं. लातूरला आता दोनच हंगाम उरलेत, एक ॲडमिशनचा आणि एक निकालाचा. बाकीचे महिने लोक वाढदिवस करून आम्हा डिझायनरांना जगवतात. दुकानावर ‘ग्राफिक डिझायनर’ अशी पाटी मी मोठ्या हौसेनं लावली होती, पण लोक आत येऊन ‘पेंटर हायेत का?’ असंच विचारतात आणि मी हो म्हणतो. मुख्य काम क्लासेसच्या निकालाच्या बॅनरचं. मुलं फोटो आणून देतात ते कसेही असतात, कुणाचा मामाच्या लग्नातला, कुणाचा पोळ्याला बैलाच्या शेजारी उभं राहून काढलेला. क्लासवाल्यांना मात्र सगळे कोट-टायमध्ये हवेत. म्हणून मी माझ्या लग्नातला निळा कोट मेहुण्याच्या अंगावर चढवला, फोटो काढला, मेहुण्याची मान कापली (फोटोतली), आणि तेव्हापासून लातूरचा जवळजवळ प्रत्येक गुणवंत, मुलगा असो की मुलगी, माझ्याच कोटात चौकात उभा आहे. आमची सौ. म्हणते, तुमच्या कोटाला दरसाल नव्वदच्या वर पडतात, तुम्हाला का पडले नाहीत कोण जाणे.

कोट घातला की चेहऱ्याचं काम. रंग उजळायचा, मुरूम पुसायचे, कान आत घ्यायचे, पुढे आलेला दात मागे ढकलायचा, मोडका असेल तर पूर्ण करायचा. हे आता मला कुणी सांगावं लागत नाही. एका हातानं चहा पीत असलो तरी दुसरा हात आपोआप करत राहतो. अशा वेळी तुमची आठवण येते आणि चहा जरा कडू लागतो. ते बाजार समितीचे सभापती आठवतात का, ज्यांचा मोठा बोर्ड तुम्ही रंगवला आणि नाकावरची चामखीळ जशीच्या तशी काढली? सगळं दुकान हात जोडत होतं, एक ठिपका पुसा म्हणून. तुम्ही ब्रश खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘‘बेटा, चेहरा जैसा हाय वैसाच काढायचा. दुरुस्ती करनारे आपन कोन?’’ सभापतींनी बोर्ड नेलाच नाही. शेवटी तो एका पानटपरीवर छपराला लागला आणि पावसाळ्यात चार-पाच वर्षं तरी ती चामखीळ लोकांच्या विड्यावर नजर ठेवून होती. आम्ही तेव्हा पाठीमागे हसलो होतो.

आता आपल्या मंडळाची खबर. नांदेड-लातूर कलाकार मंडळाचं संमेलन या वर्षी लातूरला झालं. निम्मे ड्रॉइंग मास्तर, निम्मे फ्लेक्सवाले, आणि शेवटच्या रांगेत तुमच्या वेळचे उरलेले पेंटर. तुम्ही यायचं बंद केल्यापासून त्या रांगेत कुणी भांडतही नाही. प्रदर्शनात नेहमीप्रमाणे घागर घेतलेल्या बाया होत्या (एकाही बाईच्या घागरीत पाणी आहे असं चालण्यावरून वाटत नाही). पुण्याहून एक तरुण डिझायनर व्याख्यानाला आले होते, केस मागे बांधलेले, बोलणं अगदी हळू. त्यांनी तासभर समजावून सांगितलं की रिकामी जागा हीच डिझाइनची खरी ताकद आहे, ती सोडायला धैर्य लागतं. टाळ्या झाल्या. मग आपला उदगीरचा गुरुपादप्पा उठून म्हणाला, ‘‘सर, आमच्याकडं रिकामी जागा दिसली की गिऱ्हाईक तितं मामाचा फोटो टाका म्हनतंय.’’ सगळे हसले, मीही हसलो. ही रिकामी जागा महिन्या-दोन महिन्यांत माझ्याच गळ्यात येणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं?

झालं असं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुकानात एक बाई आल्या, कस्तुराबाई. औसा तालुक्यातलं गाव, म्हणजे भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं गाव. त्र्याण्णवला त्यांचे मालक आणि मुलगी, दोघं घराखाली गेले. मुलगा दयानंद मुरुडला मामाकडे शिकायला होता म्हणून वाचला, आता तिथंच खताच्या दुकानात कामाला आहे. मुलगी रुद्राणी, चौथीत होती. दरवर्षी तीस सप्टेंबरला त्या गावात भूकंपाच्या स्मृतिस्तंभापाशी लोक आपापल्या गेलेल्या माणसांचे फोटो मांडतात, फुलं वाहतात. मालकांचा फोटो आहे (कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, खांद्यावर अजून परक्या माणसाचा हात आहे). रुद्राणीचा एकही नाही. चौथीतल्या पोरीचा फोटो कोण काढतो? आपल्याकडे मुलीचा पहिला फोटो पाहुण्यांना दाखवायला काढतात. तेव्हा इतकी वर्षं कस्तुराबाई मालकांच्या फोटोशेजारी फोटोएवढी जागा सोडतात आणि तिथं नुसतीच फुलं ठेवतात. त्यांना कुणीतरी सांगितलं की लातूरला एक जण कोणाचंही तोंड कोणालाही लावून देतो. तो मी.

मी विचारलं, चौथीतली मुलगी काढू का? तर म्हणाल्या, ‘‘न्हाई भाऊ, बारावीची काढा. गुरुजी म्हनले व्हते, ही पोरगी लातूरला शिकंल. ती काय चौथीतच ऱ्हाईल व्हय? माज्या म्होरं तर रोज वाढायलीय.’’ खाजाभाई, मला त्या वेळी रडू आलं, ते मी पाठदुखीवर ढकललं.

मग त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. मी डोळे त्यांचेच घेतले (फोटो काढून, पंधरा-वीस वर्षं पुसून), हनुवटी दयानंदची, नाक त्यांच्या बहिणीचं. त्या शेजारी स्टुलावर बसून सांगायच्या, जरा खाली, जरा डावीकडं, बस. रंग गुळाच्या ढेपेसारखा, डावा कान थोडा बाहेर, पुढचा दात शाळेच्या हौदावर पडून अर्धा मोडलेला, हसली की जीभ तिथं यायची, केस तेलानं चापून. हौदाची गोष्ट तर त्यांनी मला तीनदा सांगितली. मी प्रत्येक वेळी मान हलवत होतो आणि हात काम करत होता. मंडळातल्या लोकांनाही हा प्रकार कळला आणि दुकानात जत्रा भरू लागली. गुरुपादप्पा म्हणाला डोळे मोठे कर, एक ड्रॉइंग मास्तर म्हणाले प्रकाश उजवीकडून हवा, भुजंग सरांचे (हे क्लासवाले, त्यांचं पुढे येतंच आहे) ऑफिसवाले म्हणाले पोरगी हुशार दिसते, कोणत्या बॅचची? शेवटी मे महिन्यात एके दिवशी चेहरा पूर्ण झाला. हसरा, तजेलदार, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. कस्तुराबाई बराच वेळ बघत राहिल्या, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाल्या, ‘‘हाव भाऊ. लई चांगली झाली.’’ मला कुणी शाल-श्रीफळ दिलं असतं तरी इतकं भरून आलं नसतं. पाऊस पडून पेरण्या झाल्या की फ्रेम करून न्यायला येते म्हणाल्या.

आता निकाल, जूनमधला सीईटीचा. तुम्ही नांदेडला राहता, तिथंही आता क्लासेस झालेत, पण लातूरचा निकालाचा दिवस म्हणजे काय ते इथंच राहून बघावं. निकाल लागला की संध्याकाळपर्यंत बॅनर चौकात लागला पाहिजे, नाहीतर शेजारचा क्लास तोच विद्यार्थी आपला म्हणून लावून टाकतो. भुजंग सर केमिस्ट्री शिकवतात आणि त्यांची अर्धी केमिस्ट्री माझ्यावर खर्च होते. त्या दिवशी त्यांच्या बॅनरवर टॉपर चौकटीत बसत चालले होते, एक चौकट तेवढी रिकामी. नाव आलं होतं, साक्षी, अहमदपूर तालुका, मार्क सगळ्यांत जास्त, फोटोचा पत्ता नाही. आता पहिल्या नंबरची चौकट रिकामी ठेवून मांडणी कशी दिसते हे कळत नाही. म्हणून मी हाताशी जो चेहरा होता तो तात्पुरता त्या चौकटीत ठेवला, सवयीनं कोट घातला, आणि साक्षीच्या फोटोची वाट बघत बसलो. तेवढ्यात सर आले. त्यांनी बॅनर तपासला, म्हणजे स्वतःचा फोटो पुरेसा मोठा आहे का ते पाहिलं, आणि जाऊ द्या म्हणाले. मी जाऊ दिलं. ही चूक माझी, कोटाची नव्हे आणि कॉम्प्युटरचीही नव्हे.

सकाळी ट्यूशन एरियाच्या चौकात रुद्राणी उभी होती. इमारतीच्या दोन मजल्यांएवढी, माझ्या निळ्या कोटात, खाली साक्षीचं नाव आणि साक्षीचे मार्क. मी खालून बघितलं आणि तडक सरांकडे गेलो. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘‘छान दिसते की, राहू द्या, सकाळपासून चार ॲडमिशन झाल्या.’’ मीही भेकडासारखा चार दिवस गप्प बसलो.

पाचव्या दिवशी अण्णाराव आले. अण्णाराव म्हणजे साक्षीचे वडील, अहमदपूरकडचे शेतकरी, हातात छत्री, मागे साक्षी. त्यांचं असं झालं होतं की अर्धापूरचे एक केळीवाले बागायतदार मुलाला क्लास लावायला लातूरला आले, चौकात मान वर केली आणि मुलगी पसंत करून टाकली. नाव-गाव खाली लिहिलेलंच होतं. थेट गाडी करून, केळीचा घड घेऊन अण्णारावांच्या दारात. अण्णाराव सांगत होते की पोरगी शिकायची आहे, अजून लग्नाचं वय नाही, तरी मंडळी बसली, चहा झाला, आणि ट्रे घेऊन साक्षी बाहेर आली तर पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला थोरला म्हणाला, ही धाकटी का? फोटोतली कुठं हाय? खाजाभाई, माणसाला स्थळ द्यायचं नसतं तेव्हाही ते परत गेलेलं सहन होत नाही. (घड मात्र ठेवून गेले. तो पिकेपर्यंत अण्णारावांचा राग पिकत होता.) अण्णाराव माझ्या टेबलावर छत्री आपटून म्हणाले, ‘‘माज्या लेकीचं नाव आन् दुसऱ्याच्या लेकीचं तोंड! आत्ताच्या आत्ता उतरवा.’’ त्यांचं चुकत नव्हतं. मी म्हटलं चला, माणूस वर चढवतो, तुमच्यासमोर उतरवतो.

आम्ही चौकात पोचलो तर बॅनरखाली, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी, कस्तुराबाई बसलेल्या. पेरण्या उरकून फ्रेम न्यायला निघालेल्या, बसमधून उतरून दुकानाकडे येताना त्यांनी वर बघितलं होतं. मांडीवर भाकरीचं फडकं, पण भाकरी तशीच. मला बघून उठल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, ‘‘किती उंच उभी केली भाऊ तुमी.’’ त्यांना वाटलं होतं मी मुद्दाम केलं. त्यांना गुरुजींनी सांगितलेली गोष्ट ध्यानात ठेवून, लातूरला शिकल्याचं सगळ्या गावाला दिसावं म्हणून.

अण्णारावांनी विचारलं या बाई कोण. मी सांगितलं. कुठलं गाव, कोणतं साल, कोण गेलं. ते छत्रीवर भार देऊन उभे राहिले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, ‘‘आमच्या गावानं तवा घराघरातून भाकरी गोळा करून टेम्पो धाडला व्हता. मी स्वता आलो व्हतो.’’ कस्तुराबाई म्हणाल्या, ‘‘आल्या व्हत्या, भाकरी. ज्वारीच्या.’’ आणि त्यांनी फडक्यातली अर्धी भाकरी मोडून अण्णारावांपुढे धरली. अण्णारावांनी घेतली. तिथंच, उभ्या उभ्या, रसाच्या गाड्याच्या माश्या हाकलत खाल्ली.

पण नाव तर साक्षीचं होतं ना? शेवटी तिलाच विचारायला हवं होतं आणि ते आम्हा तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. ती बारीक अंगाची, चष्मेवाली मुलगी इतका वेळ वर बघत होती. ती म्हणाली, फोटो मी मुद्दामच दिला नव्हता. मला चौकात टांगून घ्यायचं नव्हतं. ‘‘काका, ही ऱ्हाऊ द्या. माझं नाव काढा आन् तिचं टाका.’’ अण्णाराव म्हणाले, ‘‘आन् मार्क?’’ बापाचा जीव तो, मार्कांपाशी अडकला. साक्षी म्हणाली, मार्क माझ्याकडं हायेतच की, तिला ऱ्हाऊ द्या. मी त्याच दुपारी पट्टी छापली, ‘कु. रुद्राणी’, आणि साक्षीच्या नावावर चिकटवली. भुजंग सरांना एकच काळजी होती, कुणी बॅच विचारली तर काय सांगायचं? मी म्हटलं सांगा, त्र्याण्णवची. सर म्हणाले, राहू द्या, पुढच्या निकालापर्यंत कुणी हात लावणार नाही.

तर अशी आपली खबर. कस्तुराबाई फ्रेम घेऊन गेल्या नाहीत, तीस सप्टेंबरच्या आधी नेते म्हणाल्या. लातूरला आल्या की चौकात थोडा वेळ बसतात. रसवाला त्यांना स्टूल देतो. कुणी विचारलं मावशी, ही तुमची का, तर हाव म्हणतात. मंडळाच्या बैठकीत माझ्या निष्काळजीपणाबद्दल निषेधाचा ठराव झाला आणि लगेच त्याच बैठकीत अभिनंदनाचाही झाला, दोन्हीला गुरुपादप्पाचं अनुमोदन. मी समाधानी आहे. इतकी वर्षं लोकांच्या तोंडावरून हात फिरवला, पण एका आईला तिची मुलगी परत दिली असं कुठल्या कलाकाराला म्हणता येतं? तुम्ही फ्लेक्सला नावं ठेवता, ठेवा. मला तुमच्याकडून काहीही नको आहे, फक्त हे तुम्हाला कळावं एवढीच इच्छा होती. भाभींना पुन्हा नमस्कार. गोड कमी खा.

तुमच्या दुकानात रंग ढवळून मोठा झालेला,
वीरभद्र

ता. क. – एक राहिलं. यंदा पाऊस ओढ देतोय आणि ऊन कडक आहे. फ्लेक्सचं तुम्हाला माहीतच आहे, आधी लाल उडतो, मग पिवळा. रुद्राणी निळी पडत चाललीय. कस्तुराबाई परवा म्हणाल्या, पोरगी वाळली. दुकानात फ्रेममधली आहे, पण तीही त्याच मशीनवरची, कागदच तो, स्तंभापाशी उन्हात मांडली तर किती दिवस टिकेल? अर्धापूरच्या रस्त्यावर तुम्ही रंगवलेली एक पत्र्याची पाटी अजून आहे, दुकान मोडलं, मालक गेला, पाटीवरची केळी अजून पिवळीजर्द. पत्र्यावर ऑइल पेंटनं काढलेला चेहरा टिकतो असं मला म्हणायचं आहे. सहज आठवलं.

ता. क. २ – सहज नाही आठवलं. वर मी लिहिलंय की मुलगी परत दिली, ते खोडायला हवं, पण शाईनं लिहिलं आहे तेव्हा राहू द्या. गेल्या आठवड्यात कस्तुराबाई दुकानात आल्या आणि खाली बघून म्हणाल्या, ‘‘लोकं इचारतेत तुमची का, मी हाव म्हनते. तुमी येवढं केलं, न्हाई कसं म्हनू? पन भाऊ, ती हसती तवा परकी दिसती. माज्या रुद्राणीचा म्होरला दात अर्धा हाय.’’ खाजाभाई, मला तीनदा सांगितलं होतं. मी मान हलवत होतो आणि हात दात पूर्ण करत होता. त्या बाईनं ‘लई चांगली झाली’ म्हटलं होतं, ‘माझी आहे’ असं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि मी शालीच्या आनंदात होतो. मग तीन दिवस दुकान बंद ठेवून मी तो दात मोडायचा प्रयत्न केला. दुरुस्त करायला शिकलो, मोडायला शिकलोच नाही. काळा केला तर घाण लागल्यासारखा दिसतो, कापला तर मशीनची शाई संपल्यासारखा. जो जमला म्हणून दाखवला त्यावर त्या बोट ठेवून म्हणाल्या, ‘‘हा मोडलेला न्हाई भाऊ, पुसलेला हाय.’’

ता. क. ३ – मी त्यांना सांगून टाकलं आहे की नांदेडचे पेंटर येणार आहेत. चामखीळ न पुसणारा माणूस मला दुसरा माहीत नाही. पत्रा घासून, अस्तर मारून ठेवलाय. डावा कान बाहेर, रंग गुळाचा, हसली की जीभ दाताच्या फटीत, बाकी त्या शेजारी बसून सांगतील, आणि तुम्ही ऐकाल. त्या विचारत होत्या पेंटरबाबा काय खातात, मी ज्वारीची भाकरी सांगितलं आहे. तीस सप्टेंबरच्या आधी या. तुम्ही म्हणाल हात कापतो. कापू द्या, खाजाभाई. मोडलेल्या दाताची कड कुठं सरळ असते?